यादीची वाट

भोकर म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोणचं आठवतं. आमच्या गावाचं नाव त्या झाडावरून पडलं की नाही, यावर वाद घालणारी माणसं गावात अजून आहेत. लहानपणी आम्हाला मात्र भोकराचा एकच उपयोग ठाऊक होता. पिकलेलं फळ दाबलं की आतून चिकट बलक निघतो. त्यानं पतंग चिकटायचे, वह्यांची सुटलेली पानं चिकटायची आणि पोस्टात टाकायची पाकिटंही चिकटायची. १९८८ च्या उन्हाळ्यात मी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, अर्ज भरला. अब्बांनी ते पाकीट भोकराच्या बलकानं चिकटवलं आणि वर पुन्हा डिंकाचा हात फिरवला. म्हणाले, "दिल्लीपर्यंत जायचंय. मध्येच उघडायला नको."

ते पाकीट आज आठवलं ते माझ्या भाचीमुळे. परवा भोकरला आपाकडे गेलो होतो. आपाची धाकटी मुलगी एनडीएच्या यादीची वाट पाहते आहे. लेखी परीक्षा झाली, पाच दिवसांची निवड चाचणी झाली, डॉक्टरांनी तपासलं. आता फक्त यादी लागायची आहे. पोरगी मोबाईल उशाखाली घेऊन झोपते. आपा फजरच्या नमाजला उठते तेव्हा पोरीच्या खोलीतला उजेड आधीच चालू असतो. मी गेलो तर आपा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तूच बोल तिच्याशी. या घरात वाट पाहण्याचा अनुभव तुझ्याइतका कुणाला नाही."

आपाचं म्हणणं खोटं नव्हतं. मी भाचीशी बोललो. पण बोलता बोलता लक्षात आलं, की ही गोष्ट माझ्या आणि तिच्या घरापुरती नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी ही वाट पाहणं म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांच्या घरात हा प्रकार झाला नाही त्यांना तो कळत नाही. लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. ती नऊशे गुणांची असते. गणिताला तीनशे आणि सामान्य क्षमतेला सहाशे. लाखो मुलं-मुली अर्ज करतात. लेखीत जे उतरतात त्यांना सेवा निवड मंडळ, म्हणजे एसएसबी, पाच दिवस ठेवून घेतं आणि तिथंही नऊशे गुण असतात. एसएसबीनं पसंत केलं, डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवलं, म्हणजे काम झालं असं कुणालाही वाटेल. तसं नाही. जागा दर सहा महिन्यांना चारशेच्या आसपास असतात आणि पसंत झालेली मुलं त्याहून अधिक. मग अठराशे गुणांवर एक यादी लागते आणि वरून खाली जागा भरत येतात. रेघ कुठं पडेल ते आधी कुणी सांगू शकत नाही. यादीत नाव आलं तरी बोलावण्याचं पत्र येईलच असं नाही. म्हणजे आधी यादीची वाट पाहायची, नंतर पत्राची.

पण हिंदुस्थानात फार मोठ्या काळापर्यंत ही वाट पाहण्याचीसुद्धा सोय नव्हती.

पहिलं महायुद्ध चालू होईपर्यंत हिंदी माणूस फौजेत कितीही चढला तरी सुभेदार मेजर किंवा रिसालदार मेजरच्या वर जात नसे. तीस वर्षं नोकरी केलेला, छातीवर पदकं असलेला सुभेदार विलायतेहून नव्यानं आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम करायचा. आपला मुलगा अधिकारी व्हावा असं त्या सुभेदाराला वाटलं, तर अर्ज कुठं करायचा हाच प्रश्न होता. युद्धात हिंदी पलटणींनी रक्त सांडल्यावर १९१७ मध्ये सरकारनं धोरण बदललं आणि १९१८ पासून इंग्लंडच्या सँडहर्स्ट अकादमीत हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. पेशावरपासून रंगूनपर्यंतच्या सगळ्या मुलखाला मिळून दहा. शिवाय खर्च बापानं करायचा. मुलाच्या गुणांइतकंच घराणं पाहिलं जायचं. या मुलांची तयारी व्हावी म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला एक सैनिकी शाळा निघाली. तिथंही राजेरजवाड्यांची, जमीनदारांची आणि फौजेतल्या सरदारांचीच मुलं जास्त.

'आमची अकादमी आमच्या देशात हवी' ही मागणी मग सगळ्या बाजूंनी होऊ लागली. १९३०-३१ च्या गोलमेज परिषदेत संरक्षणाच्या प्रश्नावर एक उपसमिती होती. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे आणि बॅरिस्टर जिना हे दोघंही त्या एकाच उपसमितीत होते. पुढच्या काळात या दोघांचं राजकारण कुठल्या कुठं गेलं आणि त्याचे चटके आपण सर्वांनी सोसले. पण हिंदी मुलांना अधिकारी होता आलं पाहिजे, या एका मुद्द्यावर दोघांचं दुमत नव्हतं. मुंजे यांनी पुढं १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं.

१ ऑक्टोबर १९३२ ला डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. पहिली तुकडी चाळीस जणांची. त्यातले पंधरा फौजेतून, दहा संस्थानांतून आणि पंधरा खुल्या स्पर्धेतून आले. खुल्या स्पर्धेतल्या या पंधरा जागा मला फार मोलाच्या वाटतात. कारण या देशातच परीक्षा द्यायची, घरी यायचं आणि या देशातल्याच अकादमीच्या यादीची वाट पाहायची, हे तिथून सुरू झालं. त्या पंधरांच्या यादीत सहावं नाव अमृतसरच्या एका पारशी डॉक्टराच्या मुलाचं होतं. त्या मुलाला लंडनला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. वडील तेव्हा नाही म्हणाले म्हणून रागारागानं त्यानं ही परीक्षा दिली. तो मुलगा म्हणजे सॅम माणेकशॉ. १९७१ च्या युद्धात फौजेचं नेतृत्व त्यांनीच केलं. त्याच चाळिसांत मोहम्मद मुसा होते, ते १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. त्याच चाळिसांतले स्मिथ डन स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या लष्कराचे प्रमुख झाले.

इतिहासात सहाव्या नंबराचं नाव राहिलं, ते योग्यच आहे. मला मात्र राहून राहून सोळाव्या नंबराच्या मुलाची आठवण येते. त्याचं नाव मला ठाऊक नाही. पण त्याच्याही घरी कुणीतरी रोज दारात उभं राहत असेल.

१९३२ मध्येच सँडहर्स्टला गेलेल्या शेवटच्या हिंदी मुलांमध्ये आझमगढकडचा एक मुलगा होता, मोहम्मद उस्मान. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जायचं त्यानं नाकारलं. ३ जुलै १९४८ ला काश्मीरच्या आघाडीवर झांगड इथं ब्रिगेडियर उस्मान कामी आले. त्यांना महावीर चक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे.

त्यानंतर अडीच महिन्यांनी आमच्या मुलखावर वेळ आली.

१९४८ पर्यंत भोकर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. या राज्याचा आणि फौजेचा संबंध जुना. आपल्या शेजारचं हिंगोली, तसंच जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या छावण्या होत्या. निजामाच्या खर्चानं चालणारी पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली ही फौज १९०३ मध्ये इंग्रजांच्या सैन्यात मिसळली. तिच्या पायदळाची पुढं हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटचं नाव कुमाऊं रेजिमेंट पडलं. स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख जनरल थिमय्या याच रेजिमेंटमध्ये वाढले. कुमाऊंच्या पलटणीचं मूळ आपल्या हिंगोली-जालन्याकडं आहे, हे इथल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

निजामाची स्वतःची फौज वेगळी. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्या फौजेत शिपाई होते. बाकायदा फौजेत. हा शब्द ते मुद्दाम उच्चारायचे, कारण रझाकार वेगळे आणि आपण वेगळे, हे त्यांना आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. रझाकारांनी या भागात काय केलं ते इथल्या गावांना ठाऊक आहे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये भर रस्त्यात मारलं गेलं, हेही विसरू नये. १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली. पाच दिवसांत सगळं आटोपलं आणि १७ सप्टेंबरला आपण मुक्त झालो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ज्यांचा काही दोष नव्हता अशा पुष्कळ मुसलमानांवर सूड उगवला गेला. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं ज्या चार जिल्ह्यांत सर्वात जास्त हानी झाल्याचं नोंदवलं, त्यांत आपला नांदेड होता. आमच्या घरात दोन्ही गोष्टी बोलल्या जायच्या. दादा म्हणायचे, एक सांगायची आणि दुसरी लपवायची, हा मुजरिमाचा धंदा आहे.

निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पुढं काय होणार ते फौजेतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाला घेणार, कुणाला घरी पाठवणार याची छाननी व्हायची होती. दादा आपली लोखंडी ट्रंक घेऊन भोकर स्टेशनवर उतरले. कुण्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं, घरी जा, गरज पडली तर पत्र येईल. दादांनी वर्दी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि वाट पाहिली. सहा महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं वर्ष गेलं. मग ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायला लागले. पत्र आलं नाही. माझ्या घरातली ही पहिली वाट.

पण त्याच फौजेतल्या एका तरुण अधिकाऱ्याला बोलावणं आलं. अर्देशीर तारापोर हे मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी. १९४२ मध्ये ते निजामाच्या फौजेत अधिकारी झाले. प्रशिक्षणात एका शिकाऊ जवानाच्या हातून जिवंत हातबॉम्ब जवळच पडला, तेव्हा तारापोरांनी झेप घेऊन तो उचलून फेकला आणि स्वतः जखमी झाले. हे पाहून एल इद्रूस यांनी त्यांना लान्सर्समध्ये घेतलं. हैदराबादची फौज भारतीय सैन्यात विलीन झाल्यावर तारापोर १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर फिल्लोरा आणि चविंडाच्या रणगाड्यांच्या लढाईत ते पूना हॉर्सचे प्रमुख होते. जखमी होऊनही मागं फिरले नाहीत. १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तेव्हा भारताचे लष्करप्रमुख कोण होते? तेच जनरल चौधुरी. सतरा वर्षांपूर्वी ज्या फौजेची शरणागती त्यांनी घेतली होती, त्याच फौजेतून आलेल्या माणसानं त्यांच्या हाताखाली लढताना देशासाठी प्राण दिले.

हैदराबादचेच आणखी एक, इद्रीस हसन लतीफ. जन्म १९२३ चा. १९४२ मध्ये हवाई दलात गेले, फाळणीत इथंच राहिले, १९७८ ते १९८१ हवाई दलप्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. दादा हे नाव घेताना खुर्चीत ताठ बसायचे.

स्वातंत्र्यानंतर दार खऱ्या अर्थानं रुंद झालं. तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकवायचं ठरलं आणि जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला त्याची सुरुवात झाली. त्या पहिल्याच तुकडीतले तिघं पुढं एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते. भूदलाचे रॉड्रिग्ज, नौदलाचे रामदास आणि हवाई दलाचे सुरी. कायमची जागा म्हणून खडकवासला निवडलं गेलं. मुंबई राज्यानं जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ ला प्रबोधिनीचं उद्घाटन झालं. मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी हिंदी सैनिक लढले, त्याची कृतज्ञता म्हणून सुदाननं दिलेला पैसा त्या इमारतीत आहे. आणि डेहराडूनहून हा सगळा संसार खडकवासल्यात आणून बसवणारे प्रबोधिनीप्रमुख होते मेजर जनरल एनायत हबीबुल्ला. अब्बांनी मला अर्ज भरायला बसवलं तेव्हा हे नाव एका चिठ्ठीवर लिहून माझ्या गणिताच्या पुस्तकात ठेवलं होतं. बोलले काही नाहीत.

दार रुंद झालं तरी खेड्यातल्या मुलाला ते दिसायला हवं ना! २३ जून १९६१ ला देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याला निघाली. १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनानं तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावी झालेल्या मुलांना दोन वर्षं ठेवून एनडीएसाठी तयार करायचं, हे तिचं काम. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या, मास्तराच्या मुलाला एनडीए हा शब्द त्यामुळे ऐकू आला. आमच्या जिल्ह्याचे शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये काही महिने देशाचे संरक्षणमंत्री होते. तेव्हा तर भोकरच्या हॉटेलात चहा पिता पिता सगळे फौजेवर बोलायचे. मी चौदा वर्षांचा होतो. ते सगळं ऐकत होतो.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. घरात दखनी बोलायचो, शाळेत मराठी शिकायचो. लेखी परीक्षेला हैदराबादला गेलो. पुढच्या वर्षी भोपाळहून एसएसबीचं बोलावणं आलं. पूर्णा, अकोला, खंडवा असा मीटरगेजचा रखडत प्रवास आणि पुढं मोठी लाइन. तिथं गेल्या गेल्या छातीवर एक नंबर बांधतात. पाच दिवस तुमचं नाव कुणी घेत नाही. या पद्धतीचाही इतिहास आहे. महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४२ ला आणि आपल्याकडं त्यानंतर वर्षभरात ती सुरू झाली. घराणं न विचारता मुलाला चार गोष्टी करायला लावायच्या आणि पाहायचं, हा तिचा पाया. फळ्या, दोर आणि पिंपं देऊन नसलेली नदी ओलांडायला सांगतात. साठ शब्द दाखवतात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला लावतात. अर्धा मिनिट चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात. त्या पाच दिवसांत मी मोहल्ल्यातला कोण, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. छातीवरचा तो नंबर मला फार आवडला होता, हे आज कबूल करतो.

चित्रावरच्या एका गोष्टीत मात्र घोटाळा झाला. इतर मुलांच्या गोष्टींतले नायक पूल बांधत होते, बुडणाऱ्याला वाचवत होते. माझा माणूस खिडकीत बसून पावसाकडं पाहत राहिला आणि चार मिनिटं संपली. तरीही मंडळानं मला पसंत केलं. डॉक्टरांनी पास केलं. मी घरी आलो आणि वाट पाहणं सुरू झालं.

रोज अकराच्या सुमारास पोस्टमन यायचा. अब्बा नेमके त्याच वेळी शाळेतून काहीतरी निमित्त काढून पोस्टाकडं यायचे. लांबूनच पोस्टमन मान हलवून नाही म्हणायचा. हॉटेलात मला 'या कॅप्टन' म्हणायला लागले होते. अम्मीनं नियाज बोलली होती. शेजारच्या काकूंनी मारुतीला नारळ बोलला होता. दादा काहीच बोलत नसत.

पावसाळ्याच्या तोंडावर यादी छापून आली. गुणांच्या क्रमानं बारीक टायपातली नावं. अब्बांनी शाळेतली फूटपट्टी आणली आणि एकेका ओळीखाली धरत वरून खाली येऊ लागले. पहिला रकाना संपला, दुसरा संपला. त्यांचा हात थरथरत होता. अगदी तळाशी, पाच-सात ओळी उरल्या असताना, माझं नाव सापडलं. अम्मी रडली. पेढे वाटले. अब्बांनी दादांची ती जुनी ट्रंक काढली आणि बाजारातल्या पेंटरकडं नेली. झाकणावर दादांचं नाव आणि नंबर उर्दूत होता. पेंटरनं त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले आणि पांढऱ्या रंगात माझं नाव घातलं. दादा पाहत होते. म्हणाले, "अच्छा दिखता."

मग पत्राची वाट सुरू झाली. यादीचा तळ म्हणजे काय, हे आम्हाला तोवर कुणी समजावलं नव्हतं. जुलै उजाडला. खडकवासल्यात तुकडी दाखल झाल्याची बातमी आली. तरीही अब्बा आठ-दहा दिवस अकरा वाजता पोस्टाकडं जात राहिले. मग एक दिवस गेले नाहीत. मी परत परीक्षा दिली, तेव्हा लेखीतच राहिलो. नंतर वय उलटलं. नांदेडला बी.ए. केलं, नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो. खिडकीतला तो माणूस शेवटी मीच निघालो.

पत्र येणार नाही हे पक्कं झालं त्या रात्री मी ओसरीवर तोंड लपवून पडलो होतो. दादा शेजारी येऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेरेकू तो किसीने बुलाए बी नै. तेरेकू भोपालतक बुलाए, नाम छापे. रोता कायकू?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारा समजूत घालतो आहे. आज इतिहास वाचून पन्नाशी ओलांडल्यावर कळतं, की ते समजूत घालत नव्हते, हिशेब सांगत होते. १९१७ च्या सुभेदाराच्या मुलाला अर्ज नव्हता. दादांना परीक्षा नव्हती. मला परीक्षा मिळाली, नंबर मिळाला, छापील नाव मिळालं. आतमध्ये जागा मिळाली नाही, त्याचं दुःख खरंच होतं. पण मला गुणांनी मागं टाकलं होतं. दादांसारखं मला कुणी दाराबाहेरच ठेवलं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक आम्ही मुसलमान पोरांनी आणि इतरांनीही नीट ओळखावा, असं मला वाटतं. जिथं दार बंद आहे तिथं भांडावं. जिथं रेघ आपल्या वर पडली आहे तिथं रडून घ्यावं आणि दुसऱ्या कामाला लागावं.

भांडून दार उघडल्याचं ताजं उदाहरण माझ्या भाचीच्या घरातच आहे. १९९२ पासून मुली भूदलात अधिकारी होऊ लागल्या, पण एनडीए बारावीच्या मुलींना बंदच होती. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला. सरकार म्हणालं, तयारीला वेळ लागेल, पुढच्या वर्षी घेऊ. न्यायालयानं ऐकलं नाही. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेला मुली बसल्या. १९ मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्यात गेली आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडल्या. ते संचलन आपानं टीव्हीवर पाहिलं. तिलाही शाळेत एनसीसी आवडायची. माझा अर्ज भरला जात होता तेव्हा ती दिवा धरून शेजारी बसली होती. तिनं अर्ज करावा, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कारण अर्जच नव्हता.

ज्या घरांत आज अशी वाट पाहणं चालू आहे, त्यांना अनुभवानं दोन गोष्टी सांगतो. पोरानं पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरावा आणि कॉलेजचा प्रवेशही घेऊन ठेवावा. त्यानं अपशकुन होत नाही. आणि घरच्यांनी रोज विचारू नये. यादी लागली की पोरच सांगेल. पेढे पत्र आल्यावर वाटावेत, यादी लागल्यावर नव्हे. आम्ही घाई केली होती.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मध्येच दोनदा मोबाईल पाहिला. आपानं माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली आहे. त्यात अनेक वर्षं रजया होत्या. माझं पांढऱ्या रंगातलं नाव आता अर्धंच वाचता येतं. काळा रंग उडाला आहे तिथं खालून दादांचं उर्दू अक्षर दिसतं. निघताना मी आपाला म्हणालो, ट्रंक रंगवून घ्यायची तर मी नांदेडला नेतो.

भाची आतून ओरडली, "मामू, थांबा. आधी पत्र येऊ द्या."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)